दहा वर्षांची वॉरंटी आणि तिसऱ्या उन्हाळ्यात गळलेला गॅस

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. घरच्या एसीच्या वॉरंटीत नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, मे २०२३ मध्ये ऐरोलीतल्या एका मोठ्या दुकानातून घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आजूबाजूला चौकशी केल्यावर कळलं की नावं बदलली तरी कार्डं साधारण सारखीच असतात. इनडोअरच्या कपाळावर ते सोनेरी स्टिकर अजून आहे. "१० वर्षे वॉरंटी" ठळक, शेजारी एक चांदणी, आणि खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात "कॉम्प्रेसरवर".

यंदा मार्चपासून खोली गार होईना. फिल्टर धुतले, काही फरक नाही. पुढचं झाकण उचलून पाहिलं तर कूलिंग कॉइलच्या एका टोकाला बर्फ धरलेला आणि बाकीची कॉइल ठणठणीत कोरडी. टोल-फ्रीवर तक्रार नोंदवली. माणूस आला, आउटडोअरला गेज लावलं, म्हणाला गॅस जवळपास संपलाय. मग नायट्रोजन भरून तपासलं, लीक इनडोअरच्या कॉइललाच निघालं. नवी कॉइल, गॅस, मजुरी आणि वर १८ टक्के जीएसटी मिळून साडेअकरा हजारांच्या पुढचं एस्टिमेट हातात दिलं.

मी स्टिकरकडे बोट दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कॉम्प्रेसर तर चालू आहे ना."

यावर काय बोलणार! कार्ड काढून वाचलं. तक्त्यात तीनच ओळी: संपूर्ण उत्पादन १ वर्ष, पीसीबी (म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) ५ वर्षे, कॉम्प्रेसर १० वर्षे. कॉइलचं नावही नाही, म्हणजे ती पहिल्या ओळीत गेली आणि मे २०२४ लाच वॉरंटीबाहेर पडली. पुढे बारीक अक्षरात लांबलचक यादी आहे: गॅस, प्लास्टिकचे भाग, फिल्टर, रिमोट, "क्षारयुक्त किंवा रासायनिक हवेने झालेली गंज", "कीटक, पाल, उंदीर" वगैरे.

कॉइल तिसऱ्या उन्हाळ्यात गळणं हा बनावटीतला दोष धरता येतो का? आणि कार्डात एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना भांडायला जागा आहे का? गरम होतंय, पण घाई नाही. कूलर चालू आहे.

उगाच_एक

पाल वॉरंटीत येत नाही हे वाचून गहिवरून आलं. आमच्या आउटडोअरच्या पीसीबीवर एक पाल आडवी होऊन मेली होती, पुढचे पाय एका ट्रॅकवर आणि शेपूट दुसऱ्यावर. पीसीबीला पाच वर्षांची वॉरंटी होती. कंपनीच्या माणसाने पालीचा फोटो काढला आणि कॉल "ग्राहकाकडील कारण" म्हणून बंद केला. बिल आम्हाला, पंचनामा पालीचा.

सर्व्हिसवाला_जुना

मी पुण्यात बरीच वर्षं एका कंपनीची सर्व्हिस फ्रँचायझी चालवत होतो, आता सोडली. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. लांबेल, सांभाळून घ्या.

कॉम्प्रेसरला दहा वर्षं देणं कंपनीला परवडतं, कारण घरच्या एसीचा कॉम्प्रेसर हा वेल्डिंगने बंद केलेला डबा असतो. आत मोटर आणि रोटरी पंप, दोन्ही तेलात आणि गॅसमध्ये. धूळ आत जात नाही, पाणी जात नाही, उगाच_एक यांची पालही जात नाही. त्यातून इन्व्हर्टर मशीनमध्ये तो झटक्याने सुरू-बंद होत नाही, हळूहळू वेग पकडतो. नीट बसवलेल्या मशीनमध्ये तो सहसा शेवटी जाणारा भाग. त्याच्या आधी जातात आउटडोअरचा पीसीबी, सेन्सर, पंख्याच्या मोटरी, दोन्ही कॉइल आणि पाइपांच्या टोकाचे फ्लेअर जोड. मोठ्या आकड्याची वॉरंटी सगळ्यात मजबूत भागावर आणि एक वर्षाची बाकी सगळ्यावर, असा हा हिशेब आहे.

कॉम्प्रेसर दहा वर्षांत गेलाच तर काय मिळतं हेही बघा. बहुतेक कार्डांप्रमाणे तो डबा फुकट. नवा गॅस, ब्रेझिंग (नळ्यांचे जोड झाळणं), ड्रायर (ओलावा टिपणारा फिल्टर), मजुरी, नेण्याआणण्याचा खर्च हे सगळं ग्राहकाच्या बोकांडी. सातव्या वर्षी "वॉरंटीत" कॉम्प्रेसर बदलूनही चार-पाच हजारांचं बिल झालेले ग्राहक मी पाहिलेत, आणि त्यांच्या शिव्या मीच खाल्ल्यात.

आता गॅस. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती बंद साखळी आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, आउटडोअर कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, इनडोअर कॉइलमध्ये परत वायू होताना खोलीची उष्णता उचलतो. जेवढा भरला तेवढाच राहायला हवा. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे, दुसरं कारण नाही. म्हणून दर उन्हाळ्यात "थोडा गॅस टॉपअप करून घ्या" म्हणणाऱ्याला आधी विचारा, लीक कुठे सापडलं? खाडीकाठ, तुमच्याकडे आलेल्याने नायट्रोजन मारून तपासलं, म्हणजे काम जाणणारा माणूस होता. एका टोकाला बर्फ आणि बाकी कोरडं, हे गॅस कमी असल्याचंच लक्षण. दाब पडला की कॉइलच्या सुरुवातीलाच तापमान शून्याखाली जातं आणि हवेतलं बाष्प तिथे गोठतं.

असं मशीन तसंच रेटू नका. कॉम्प्रेसरमधून वाहणारा गॅसच त्याच्या मोटरला थंड ठेवतो. गॅस कमी म्हणजे मोटर तापणार. मग दहा वर्षांच्या वॉरंटीतला तो एकमेव भागही जाईल, आणि कंपनी म्हणेल की लीक माहीत असून चालवलंत.

शेवगा

काका, एक शंका. नवा एसी बसवताना आमच्याकडे आलेल्या पोराने व्हॅक्यूम पंप आणलाच नव्हता. आउटडोअरमधलाच थोडा गॅस पाइपातून सोडून "हवा काढली" म्हणाला. याने वॉरंटीवर परिणाम होतो का?

सर्व्हिसवाला_जुना

वॉरंटीवर होवो न होवो, मशीनवर नक्की होतो. पाइपात हवा आणि ओलावा राहतो. आर-३२ किंवा आर-४१०ए या एसीतल्या गॅसांबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जे तेल वापरतात ते बहुतेक ओलावा शोषणारं असतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आतून मोटरची वाइंडिंग खातं. हे पहिल्या वर्षी कळत नाही, चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं. शिवाय आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, तो खोलीत सोडणं हा शहाणपणा नव्हे.

इन्स्टॉलेशनच्या वेळी समोर उभे राहा. पंप जोडलाय का, किमान पंधरा-वीस मिनिटं चालवला का, गेजचा काटा ऋण बाजूला जाऊन तिथेच थांबतो का, एवढं डोळ्यांनी दिसतं. पाइप जास्त लांब झाला तर जादा गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. मूळ वजन आउटडोअरच्या प्लेटवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. "अंदाजाने भरला" हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि जॉब शीटवर पाइपाची लांबी लिहून घ्या. उद्या फ्लेअरला लीक निघालं तर बसवणाऱ्याचा दोष आहे हे त्या कागदावरूनच सिद्ध होतं.

वनमाला

धागा वाचनखुणेत टाकला. मी डोंबिवलीची, निवृत्त बँक कर्मचारी, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची खोड आहे.

खाडीकाठ, तुमच्या घरी देवाची चांदीची भांडी लवकर काळी पडतात का हो? माझी बहीण ठाण्याजवळ दिवा इथे खाडीच्या बाजूला राहते. पितांबरीने घासलेलं ताम्हन आठवड्याभरात परत काळपट होतं. तिच्याकडे दोन खोल्यांतल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या एसींची कॉइल गेली. माझ्याकडे डोंबिवली पूर्वेला त्याच सुमारास घेतलेला एसी ठीक आहे. मेकॅनिक म्हणाला, "ताई, नाल्याचा गॅस." मला तेव्हा ती थाप वाटली होती.

खाडीकाठ

वनमालाताई, अगदी तेच! निरांजन आणि अत्तरदाणी दर सणाला घासावी लागते. घराची मागची खिडकी खाडीकडे उघडते. भरती-ओहोटीच्या वेळी वास येतो, सवय झाली आहे.

सर्व्हिसवाला_जुना

ताई, ती थाप नव्हती. सांडपाण्यातून आणि खाडीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, कुजक्या अंड्याचा वास तो. चांदी काळी करतो तोच तांबंही काळं करतो, पीसीबीवरचे तांब्याचे ट्रॅकही खातो. ऐरोली, वाशी, मिठी नदीचा काठ, मोठ्या नाल्यांच्या शेजारच्या इमारती, सगळीकडे ही रड आहे. आणि इनडोअर कॉइलवर तर सतत दव असतं, म्हणजे ओलावा आयताच.

दुसरा एक प्रकार आहे, त्याला खाडी लागत नाही. नव्या फर्निचरचा प्लाय, त्याचा गोंद, पॉलिश, काही क्लीनर यांतून सेंद्रिय आम्लांच्या वाफा निघतात. ओलावा आणि त्या वाफा मिळून तांब्याच्या नळीत वारुळासारखी सूक्ष्म बिळं पाडतात. भोक डोळ्याला दिसतही नाही. म्हणून घराचं इंटिरियर झाल्या झाल्या बंद खोलीत एसी लावून बसणाऱ्यांना मी आधी चार दिवस खिडक्या उघड्या ठेवायला सांगायचो. कोणी ऐकायचं नाही.

कंपनी म्हणेल हवेचा दोष, ग्राहक म्हणेल नळीच पातळ वापरली. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असतं, पंचाईत तीच आहे.

म्हापशेकार

आमच्या गोंयात खाऱ्या वाऱ्यान आउटडोअर आधी जाता. समुद्रापासून जवळच्या घरांत कंडेन्सरच्या पात्या हातात पिठासारख्या येतात.

एक गोष्ट सगळ्यांनी बघा. कॉइल दोन असतात. बाहेरची कंडेन्सर आणि आतली इव्हॅपोरेटर. काही कंपन्या "कंडेन्सरवर ५ वर्षे" असं मोठ्याने सांगतात. ग्राहकाला वाटतं कॉइल कव्हर झाली. आतली गळली की कळतं, ती त्यात नाहीच. माझ्या मेव्हण्याने विकत घेताना दुकानदाराला दोन्ही नावं कार्डावर बोट ठेवून दाखवायला लावली. दुकानदाराला आतल्या कॉइलची ओळ सापडेना. मग दुसऱ्या कंपनीचा घेतला, जिथे पाच वर्षं सगळ्या मशीनवर होती आणि गॅसही त्यात लिहिलेला होता. किंमत थोडी जास्त, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने तोच हिशेब करावा असं माझं मत. पात्यांवरच्या गंजरोधक निळ्या थराने थोडा फरक पडतो, पण तो थर म्हणजे वॉरंटी नव्हे. खाऱ्या हवेच्या कलमात काय लिहिलंय ते वाचाच.

प्राजक्ता_फिजिओ

माझा प्रश्न जरा वेगळा. घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटं क्लिनिक आहे. तिथला एसी घरगुतीच मॉडेल, बिल मात्र क्लिनिकच्या नावावर. परवा तक्रार नोंदवताना फोनवरच्या मुलीने विचारलं, "निवासी वापर की व्यावसायिक?" मी खरं ते सांगितलं. तर म्हणाली व्यावसायिक वापरात वॉरंटीचे नियम वेगळे. असं असतं का?

ग्राहकमित्र_क

नमस्कार. मी ग्राहक चळवळीत स्वयंसेवक आहे, वकील नाही. आमच्या मार्गदर्शन केंद्रात उन्हाळ्यात एसीच्या तक्रारींची रांग असते. प्राजक्ताताईंचं आधी घेतो.

हो, असतं. बऱ्याच कार्डांत घरगुती मॉडेल दुकान, कार्यालय, सर्व्हर रूम अशा ठिकाणी लावलं तर वॉरंटी कमी होते किंवा लागूच होत नाही. तुमच्या कार्डातली ती ओळ शोधा. कायद्यात मात्र तुम्हाला एक दार उघडं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने खरेदी करणारा ग्राहक ठरत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या अपवादातून सुटते. एकटीने चालवलेल्या क्लिनिकसाठी हा मुद्दा मांडता येतो. पण ग्राहक आयोगापुढे 'ग्राहक' ठरणं वेगळं आणि कार्डाच्या अटीत बसणं वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका.

आता खाडीकाठ यांचं. स्पष्टच बोलतो, "कार्डात एक वर्ष लिहिलंय पण मला तीन वर्षं द्या" एवढ्यावर केस लंगडी आहे. बनावटीतला दोष म्हणायचा तर तो दाखवावा लागतो. कायद्याच्या कलम ३८ मध्ये, तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, ही सोय आहे. पण साडेअकरा हजारांसाठी कॉइलची धातुपरीक्षा, आणि तीही खाडीकाठच्या घरातल्या कॉइलची. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं मी तरी म्हणणार नाही.

तुमच्या हातात खरा मुद्दा आहे तो स्टिकर. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांदणी लावून खाली लिहिलेली टीप मूळ दाव्याला छेद देणारी नको, महत्त्वाची माहिती लपवणारी नको, दावा ज्या भाषेत त्याच भाषेत टीप हवी आणि तिचा टाइप दाव्याच्या टाइपाइतकाच हवा, असं त्यांत आहे. तुम्ही सांगता तसं "१० वर्षे वॉरंटी" ठळक आणि "कॉम्प्रेसरवर" मुंगीएवढं असेल तर हा मुद्दा बिनतोड आहे. स्टिकरचा जवळून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरा.

फोनवर भांडू नका, लेखी जा. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर बिल, दोन्ही युनिटांचे सीरियल नंबर, जॉब शीट, स्टिकरचा फोटो आणि नेमकी मागणी पाठवा. "न्याय द्या" लिहू नका, "कॉइल विनामूल्य बदलून द्या, गॅसचा खर्च मी करतो" असं काही ठोस लिहा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन नंबर १९१५. ती निकाल देत नाही, कंपनीला तक्रार पुढे पाठवून पाठपुरावा करते. पण एवढ्यावरच पुष्कळ प्रकरणं मिटतात. त्यानंतर जिल्हा आयोग: पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. मुंबई-ठाण्यातल्यांना मुंबई ग्राहक पंचायतीचाही आधार आहे, १९७५ पासून हेच काम करतात.

शेवगा

फूटपट्टी +१.

ह्यूस्टनवासी

इकडचं सांगू का? टेक्सासात एसीशिवाय जून काढणं अशक्य, त्यामुळे हे सगळं इथेही रोजचंच. इथल्या सेंट्रल एसीला पुष्कळ कंपन्या सुट्या भागांवर पाच वर्षं देतात, आणि बसवल्यापासून ठरावीक मुदतीत, बहुधा साठ किंवा नव्वद दिवसांत, ऑनलाइन नोंदणी केली तर दहा. नोंदणी राहिली की पाच वर्षं गेली. कॅलिफोर्नियात ही नोंदणीची अट चालत नाही, टेक्सासात चालते. कॉइल सहसा भागांमध्ये धरतात, तेवढं सुख. पण मजुरी वॉरंटीत नाही, आणि इथली मजुरी म्हणजे… कॉइल फुकट मिळूनही बिल पाहून घाम फुटतो, एसी बंद असल्यामुळे तो पुसायलाही वारा नसतो.

वनमाला

नोंदणीवरून आठवलं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की बसवल्यापासून? भाच्याने दिवाळीच्या सेलमध्ये एसी घेतला, फ्लॅटचा ताबा मिळाला एप्रिलमध्ये. पाच-सहा महिने खोक्यातच वॉरंटी संपली म्हणायची.

आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? दुकानात बिल करताना तो मुलगा हात धुऊन मागे लागतो.

ग्राहकमित्र_क

सर्वसाधारणपणे बिलाच्या तारखेपासूनच. २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं होतं की जी वस्तू तंत्रज्ञाने बसवल्याशिवाय वापरता येत नाही तिची वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून धरा. पण ते आवाहन आहे, तुमच्या कार्डात काय छापलंय तेच आधी पाहा. भाच्याला इन्स्टॉलेशनचं जॉब शीट जपून ठेवायला सांगा. काही कंपन्या मागितल्यावर तारीख बदलून देतात, न मागता कोणी देत नाही.

सर्व्हिसवाला_जुना

एक्स्टेंडेडचं मी सांगतो. दोन जाती आहेत. एक कंपनीची स्वतःची, तिच्यात कंपनीचाच माणूस आणि कंपनीचेच पार्ट. दुसरी दुकानाची, जिच्यामागे तिसरीच संस्था असते. हिच्यात दावा मंजूर करणारं कॉल सेंटर वेगळं, दुरुस्तीची वरची मर्यादा वेगळी, कधीकधी वर्षागणिक घसारा कापतात. मी स्वतः घेतली तर पहिलीच घेईन, आणि तीही बिल करताना नाही. पहिलं वर्ष संपायच्या महिना-दीड महिना आधी कंपनी फोन करतेच, तेव्हा भाव करता येतो. एक दिवस उशीर झाला तर मशीन तपासणीचे पैसे लावतात किंवा सरळ नाही म्हणतात.

घेताना एकच प्रश्न विचारा: इनडोअर कॉइल आणि गॅस यात आहे का? "सगळं कव्हर आहे मॅडम" हे उत्तर नाही. लेखी दाखवा म्हणावं. एएमसीलाही (वार्षिक देखभाल करारालाही) हेच लागू. मजुरीवाली एएमसी म्हणजे फक्त धुलाई आणि भेटी. पार्ट आणि गॅसवाली वेगळी, ती महाग. खाडीकाठ किंवा म्हापशेकारांसारख्या जागी महागडीच परवडते. सोलापूर-संभाजीनगरच्या कोरड्या हवेत मला तिची गरज दिसत नाही. तिथे व्होल्टेज सांभाळा आणि अर्थिंग तपासून घ्या, पीसीबी त्यानेच जातात. "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं छापलेलं असलं तरी शेजारी व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते. तिच्याबाहेर गेलात की कलम तुमच्यावर उलटतं.

अजून एक, विसरेन म्हणून. ओटीपी. काम झाल्याशिवाय तंत्रज्ञाला कॉल बंद करायचा ओटीपी देऊ नका. "पार्ट मागवलाय, सध्या कॉल बंद करतो, परत उघडेन" हे ऐकलंत की समजा कॉल कायमचा बंद. त्यांच्यावर ठरावीक तासांत कॉल मिटवायचा दट्ट्या असतो, पोरांचा दोष कमी. पण वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात असा बंद झालेला कॉल म्हणजे कंपनीच्या नोंदीत मशीन दुरुस्त झालं! नंतर वॉरंटी संपल्यावर नवी तक्रार, नवं बिल. पहिला तक्रार क्रमांक जपा. मुदतीत नोंदवलेली आणि न सुटलेली तक्रार मुदतीतलीच धरायला लावता येते.

उगाच_एक

आमच्या पालीचा काही विचार?

सर्व्हिसवाला_जुना

आउटडोअरच्या केबल शिरतात त्या भोकाला एमसील किंवा पुट्टी लावा. जाळीवर जाळी लावू नका, हवा अडते. पीसीबीवर कोटिंग केलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम. बाकी पालीला समजावणं तुमच्या हातात.

खाडीकाठ

अपडेट देतो. ग्राहकमित्र यांच्या सांगण्याप्रमाणे ईमेल पाठवला. स्टिकरच्या फोटोत मुलाच्या कंपासमधली पट्टी धरली: "१०" ची उंची तीन सेंटिमीटर, "कॉम्प्रेसरवर" हे अक्षर दोन मिलिमीटरही भरत नाही. मार्गदर्शक तत्त्वांतला टिपेचा भाग उद्धृत केला आणि मागणी एका ओळीत.

पहिलं उत्तर छापील आलं, "आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध". मग १९१५ वर नोंद केली. त्यानंतर एका वरिष्ठ बाईंचा फोन आला, बोलणं चांगलं होतं. स्टिकरबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, वॉरंटी लागू होत नाही, पण "सद्भावना म्हणून" कॉइल कंपनी देईल, गॅस आणि मजुरी माझी. म्हणजे साडेअकरा हजारांच्या जागी साडेतीन-चार हजार. मी हो म्हणणार आहे. स्टिकरची तक्रार मात्र प्राधिकरणाकडे वेगळी करावी का, या विचारात आहे.

नव्या कॉइलला वॉरंटी किती हे विचारलं तर फोनवर "तेच जुनं कार्ड" म्हणाल्या. म्हणजे शून्य?

ग्राहकमित्र_क

छान झालं. स्टिकरची तक्रार जरूर करा, तिचा तुमच्या तडजोडीशी संबंध नाही. पण "पूर्ण व अंतिम समाधान" असं काही लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर आधी शब्दन् शब्द वाचा.

कॉइलचं: वॉरंटीत बदललेल्या भागाला साधारणपणे मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो, आणि तुमचा उरलेला काळ नाहीच. म्हणून होकार द्यायच्या आधी ईमेलवरच मागा, नव्या कॉइलवर आणि ब्रेझिंगच्या जोडांवर किमान काही महिन्यांची हमी. गरज त्यांनाही आहे, १९१५ वरची तक्रार मिटलेली दाखवायची असते.

सर्व्हिसवाला_जुना

आणि बसवताना समोर थांबा. आधी नायट्रोजनची प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम, मग प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका आर-३२ काट्यावर. इनडोअर खाडीच्या खिडकीसमोर असेल तर ती खिडकी रात्री बंद ठेवा, एवढंच हातात आहे. जुनी कॉइल ते घेऊन जातील, नेण्याआधी काळे डाग पडलेल्या बाजूचा फोटो काढून ठेवा.

खाडीकाठ

ईमेल केला. सहा महिन्यांची हमी लेखी द्यायला तयार झाले, एक वर्षाला नाही म्हणाले. शनिवारी माणूस येतोय.

शेवगा

अभिनंदन. मला आईच्या खोलीसाठी एक टनाचा घ्यायचाय, घर कळव्याला नाल्यापासून हाकेच्या अंतरावर. दोन कंपन्यांची कार्डं डाउनलोड केली आहेत. एकात इव्हॅपोरेटरची ओळ सापडली, पण तिच्याखाली हवेच्या गंजेचं कलम आहेच. इथे विचारू की नवा धागा काढू?

वनमाला

नवा काढा, आणि दोन्ही कार्डांचे फोटो टाका. मी चष्मा घेऊन बसते.